रिस्टोर मारलं, मग फोटो काऊन नाही आले?

मागच्या शनिवारी मौद्याला घरी गेलो होतो. बॅग ठेवतो न ठेवतो तोच मावसभावाचा फोन. दादाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि खानदानातला 'कम्प्युटरवाला' म्हणजे अस्मादिक! तेव्हा सुट्टीत हे ठरलेलंच.

"अरे, एका लग्नाचं अख्खं फोल्डर उडालं. कार्डंही फॉरमॅट झाली. मी रिस्टोर मारलं ना, चार दिवस मागे नेला पीसी. मग फोटो काऊन नाही आले?"

काय सांगणार कप्पाळ! सिस्टिम रिस्टोर २००० साली विंडोज एमईबरोबर आलं, तेव्हापासून लोकांचा हा गैरसमज आहे. ते मागे नेतं विंडोजला. रजिस्ट्री, ड्रायव्हर, सिस्टिमच्या फाईली, इन्स्टॉल केलेले प्रोग्राम. तुमच्या फोटोंना ते हात लावत नाही, आणि तो त्याचा गुणच आहे. नाहीतर ड्रायव्हर बिघडला म्हणून मागे जाल आणि चार दिवसांचं काम घालवून बसाल. माझा राग आहे तो नावावर. 'रिस्टोर' म्हटलं की माणसाला वाटतं, गेलेलं सगळं परत येणार.

दादाचं झालं उलटंच. फोटो आले नाहीत, पण त्याच आठवड्यात टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र गेला. शिवाय शिफ्ट-डिलीट केलेली फाईल लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त 'रिकामी' धरली जाते. त्यानंतर डिस्कवर जे जे लिहाल ते त्या जागेवर बसू शकतं. रिस्टोरसुद्धा डिस्कवर लिहितंच की! अशा वेळी पीसी बंद करून गप्प बसणं हाच पहिला उपाय. पण हे आधी कोण सांगतो?

आणि हे रिस्टोर पॉइंट राहतात कुठे? त्याच डिस्कवर. डिस्क मेली की तेही मेले. रॅन्समवेअर तर बऱ्याचदा आधी त्यांनाच उडवतं.

हे फक्त स्टुडिओवाल्यांचंच होतं असं नाही हं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या आला आणि मर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी आडवी झाली. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. त्यांचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशोब. सगळे एकदम गेले तर? तेच झालं. वाचला फक्त घानातला एक, कारण त्या वेळी तिथे लाईट गेली होती!! औष्णिक वीज केंद्राच्या गावात वाढून लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या मला हे वाचून फार गंमत वाटली होती.

पण मुद्दा तोच. ती प्रत वाचली कारण ती तुटलेली होती. सतत जोडलेली प्रत म्हणजे आरसा. इथे पुसलं की तिथेही पुसलं. 'माझं सगळं क्लाउडला सिंक आहे' म्हणणाऱ्या माझ्या ऑफिसमधल्या मित्रांनाही मी हेच सांगतो, आणि ते हसतात. हसा! तिथल्या कचरापेटीतही फाईल काही दिवसच राहते.

दादाला म्हटलं, दोन डिस्क घे. एक काम झालं की कॉपी करून लगेच काढायची. दुसरी वहिनीच्या माहेरी, भंडाऱ्याला. आपलं गाव कन्हानकाठी आहे, ऑगस्ट २०२०चा पूर आठवतो ना? एकाच कपाटात दोन्ही ठेवून काय उपयोग? आणि महिन्यातून एकदा त्यातला एखादा फोटो उघडून बघायचा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा काडीचा भरवसा नाही.

असो. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. निम्मेअधिक फोटो आले, त्यातले बरेच अर्धे राखाडी. हळदीचे जवळजवळ सगळे मिळाले, सप्तपदीचा एकही नाही.

दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "पोरीच्या बापाले तूच सांग ना बे. तू इंजिनियर आहेस, तुझं ऐकतील ते."