चेहरा शाडूचा नसतो

बोटांना थोडे तेल लावायचे. हनुवटीपासून कानापर्यंत, कपाळाच्या मध्यापासून कानशिलांकडे आणि तिथून मानेच्या कडेने खाली गळ्याच्या हाडापर्यंत हात फिरवायचा. चेहऱ्याच्या मर्दनाची ही जपानी पद्धत आता मोबाइलच्या पडद्यावरून रायगडातल्या पेण-रोह्याच्या घरांतही पोहोचली आहे. ‘कोबिदो’ हे तिचे एक रूप. रंगभूषाकार युकुको तानाका यांनी 2007 साली पुस्तक आणि डीव्हीडीतून मांडलेली पद्धत हे दुसरे. तिच्याविषयी दावे पुष्कळ होतात : सुरकुत्या जातील, गाल वर येतील, दहा वर्षे कमी दिसतील. या मर्दनात घेण्यासारखे बरेच आहे. म्हणूनच त्याच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याला ही विद्या परकी वाटायचे कारण नाही. वाग्भटाने दिनचर्येत रोजचे अभ्यंग सांगितले आहे आणि त्यातही डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे तेल-उटणे आजही घरोघरी लागते. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून पाटावर बसते, बाळाला पायांवर आडवे घेते आणि दोन्ही अंगठे कपाळाच्या मधून कानशिलांकडे नेते. जपानी मर्दनातली एक मुख्य चाल नेमकी हीच आहे. रडणारे बाळ या हाताखाली निवते आणि आंघोळीनंतर गाढ झोपते, हे पाहायला कुणाला प्रयोगशाळेत जावे लागत नाही.

त्यामागचे कारण साधे आहे. चिंतेत आपण नकळत दात आवळतो, कपाळाला आठ्या घालतो. जबड्याचे आणि कानशिलांचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. संथ, सारख्या दाबाने ते सैल पडतात, श्वास लांबतो. त्वचेखाली साचलेले पाणी पुढे सरकते, म्हणून सकाळची सूज उतरलेली दिसते. रक्तप्रवाहही वाढतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात गालावर पाच मिनिटे रोलर फिरवल्यावर तिथला रक्तप्रवाह वाढला आणि ती वाढ निदान दहा मिनिटे टिकली. म्हणजे मसाजनंतरची तुकतुकी खरी असते, पण ती थोड्या वेळाची.

इथेच मर्यादा सुरू होते. पेणच्या कारखान्यात शाडूच्या गोळ्याला मूर्तिकाराचा अंगठा लागला की गालाला गोलाई येते, ओल्या बोटाने ती गुळगुळीत होते आणि वाळल्यावर तशीच राहते. जिवंत चेहरा असा घडत नाही. त्वचेचा घट्टपणा कोलाजेन आणि इलॅस्टिन या तंतूंवर अवलंबून असतो. वयाने ते झिजतात आणि उन्हातले अतिनील किरण ही झीज वाढवतात. बोटांच्या दाबाने ते पुन्हा सांधले जात नाहीत. खारेपाटातल्या मिठागरात उन्हाळा काढणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईच्या त्वचेला सावली, डोक्यावरचा पदर आणि परवडले तर सनस्क्रीन यांचा उपयोग कोणत्याही महागड्या फेशियलपेक्षा अधिक होईल. तिने मसाज जरूर करावा, पण तो थकवा उतरावा म्हणून.

काही पथ्येही पाळायला हवीत. कोकणच्या दमट हवेत तेलाचा जाड थर रंध्रे बंद करतो. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल सोसेलच असे नाही. पिकलेली मुरुमे, नागीण किंवा ताजी जखम असताना चेहरा चोळू नये. मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत, कारण मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथेच असतात. बाळाचे नाक वर यावे म्हणून ते चिमटीत ओढणे किंवा नाका-कानांत तेल सोडणे तर थांबलेच पाहिजे. ओढल्याने नाकाचा आकार बदलत नाही आणि नाकात सोडलेले तेल फुप्फुसांत उतरू शकते. मसाजच्या जोडीला कुणी बिनलेबलाचे ‘गोरे करणारे’ क्रीम देऊ केले, तर ते नाकारावे. अशा क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा असू शकतो.

जपानकडून खरोखर शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे आन्मा या पारंपरिक मर्दनाला शतकांची शिस्त आहे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी शाळा काढल्या आणि ही विद्या त्यांच्या सन्मानाच्या उपजीविकेचे साधन झाली. 1947 च्या कायद्यानुसार आन्मा, मसाज आणि बोटांनी दाब देण्याच्या शिआत्सूचा व्यवसाय करायला रीतसर शिक्षण आणि राष्ट्रीय परवाना लागतो. सौंदर्य पार्लरांना तिथेही अशा परवान्याची सक्ती नाही. मात्र हाताचे कौशल्य ही शिकण्याची, परीक्षेची आणि प्रतिष्ठेची गोष्ट आहे, हे त्या समाजाने मान्य केले आहे.

आपल्याकडे ते अजून व्हायचे आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायकांकडे अनुभवाने आलेला हात असतो; पण शरीररचनेचे चार धडे त्यांना कुणी देत नाही. पार्लर चालवणाऱ्या तरुणींपैकी अनेकजणी थोड्या दिवसांच्या शिकवणीवर उभ्या राहतात. आयटीआयच्या सौंदर्यप्रसाधन अभ्यासक्रमात चेहऱ्याची रचना, त्वचेचे आजार ओळखणे आणि कधी थांबायचे, हे नेटाने शिकवले जावे. ग्रामीण रुग्णालयांनी न्हाऊ घालणाऱ्या बायकांसाठी अधूनमधून वर्ग घ्यावेत. याला फार पैसा लागणार नाही.

आणि घरी? रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्याने किंवा दिवसभर चुलीशी वावरलेल्या गृहिणीने हात धुवावेत, तेलाचे दोन थेंब घ्यावेत आणि पाच मिनिटे स्वतःला द्यावीत. दाब हलका असावा, वेदना होऊ नये. यातून मिळणारी विश्रांती हाच या विद्येचा खरा लाभ आहे. ती मिळवायला चेहरा तरुण दिसण्याची अट कशाला हवी?