नाव बदलले, नोंद बदलली काय?

वाचकहो, महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावे आपल्या पूर्वजांनी हौसेने घेतलेली नव्हती. वस्त्यांची अशी जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. निर्णय झाला, परंतु तेवढ्याने कार्य संपले काय?

त्याच वर्षी संगणकाच्या जगातही नावाचाच वाद उभा राहिला. अनेक जण मिळून संगणकाची आज्ञावली लिहितात, तेव्हा ती एका सामाईक भांडारात ठेवतात. त्यातील मुख्य शाखेस ‘मास्टर’, म्हणजे धनी, म्हणण्याचा प्रघात होता. मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि धनी-गुलामीची आठवण देणाऱ्या शब्दांवर चर्चा पेटली. गिटहब या कंपनीने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या भांडारांतील त्या शाखेस ‘मेन’ हे नाव दिले. शब्दाने काय बिघडते, असे तेथेही पुष्कळांनी विचारले. हा प्रश्न बहुधा तोच विचारतो, ज्यास त्या शब्दाने कधी कोणी हाक मारलेली नसते.

आपल्या उपयोगाची गोष्ट पुढे आहे. मध्यवर्ती भांडारात नाव क्षणात बदलते. परंतु प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर त्याची स्वतःची प्रत असते, आणि तीत जुने नाव तो स्वतः बदलीपर्यंत राहते. जुन्या नावाचा शोध घेणारी स्वयंचलित कामे अडतात. मात्र पूर्वीच्या नोंदींतील एक ओळही नष्ट होत नाही. कारण शाखेचे नाव ही केवळ शेवटच्या नोंदीकडे बोट दाखविणारी खूण होय.

कायद्यातही असेच आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर आपल्या पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला व पश्चिम खानदेशाचा धुळे. म्हणून ‘पूर्व खानदेश’ लिहिलेली खरेदीखते रद्द ठरली नाहीत. परंतु शासननिर्णय मुंबईत निघाला, तरी ग्रामपंचायतीचा नमुना ८, मतदार यादी, शिधापत्रिका, आधारपत्र या प्रती आपोआप बदलत नाहीत. तेव्हा ग्रामसभेत ठराव मागा, त्याची नक्कल घ्या, आणि एकेक कागद दुरुस्त करून घ्या. अर्जात नव्या नावापुढे ‘पूर्वीचे नाव’ अवश्य लिहा.

एक इशारा. जुन्या नावाचा संताप येऊन जुने दाखले फाडू नका. १९९० च्या कायद्याने बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. परंतु जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेतील ती नोंद अपमानाची असेल. नातवाच्या शिष्यवृत्तीचा आधारही तीच आहे.

नाव मिटवा, पुरावा जपा. आणि दारावरची पाटी बदलल्यावर तेथेच थांबू नका. कचेरीतील वहीही उघडावयास लावा.