'कॉर्बो' शुद्ध, मग 'कावया' अशुद्ध कसा?

१/ मोठ्या काळ्या कावळ्याला फ्रेंचमध्ये 'कॉर्बो' म्हणतात. धुळे-जळगावकडच्या बोलींत कावळ्याचा 'कावया' होतो. पहिला शब्द प्रतिष्ठित, दुसरा 'अशुद्ध' ठरला. इतिहास मात्र या भेदाला आधार देत नाही.

२/ लॅटिन 'कॉर्वुस'ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून जुन्या फ्रेंचमध्ये 'कॉर्बेल' झाला. पुढे अखेरचा 'ल' स्वरात विरघळला आणि 'कॉर्बो' उरला. 'सुंदर' या अर्थाचा 'बेल'ही याच नियमाने 'बो' झाला.

३/ आपल्याकडे मुळाशी संस्कृत 'काक' आहे. हे नाव पक्ष्याच्या आवाजावरून पडले, असे यास्काने निरुक्तात नोंदवले आहे. त्याच कुळातला मराठी 'कावळा'. खानदेशात त्यातल्या 'ळ'चा 'य' झाला.

४/ हा जिभेचा आळस नव्हे. डोळा 'डोया' होतो, काळा 'काया' होतो, धुळ्याचे 'धुये' आणि जळगावचे 'जयगाव' होते. चूक अशी ओळीने, नेमकेपणाने होत नसते. नियमच असा चालतो. फ्रेंच 'ल' आणि खानदेशी 'ळ' यांची वळणे निराळी, पण रीत एकच.

५/ मग फरक कशाचा? सत्तेचा. पॅरिसच्या भाषेमागे राजदरबार होता, १६३५ साली स्थापन झालेली फ्रेंच अकादमी होती, १६९४ साली निघालेला तिचा कोश होता. मराठीत एकोणिसाव्या शतकात कोश, छापखाना आणि शाळा पुणेरी वळणाच्या भाषेभोवती उभ्या राहिल्या. खानदेशाच्या 'य'ला तसा आश्रयदाता लाभला नाही.

६/ लेखनासाठी एक प्रमाणरूप लागते, हे मान्यच. मुलांना 'कावळा' लिहिता यायलाच हवे. परंतु प्रमाण म्हणजे सोयीसाठी केलेली निवड. ती शुद्धतेची कसोटी नव्हे. 'कावया' म्हणणाऱ्या मुलाला हसणारा वर्ग त्याला व्याकरण शिकवत नाही. आपल्या आजीची भाषा लपवायला शिकवतो.

७/ आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या गाण्यांत हाच 'य' नांदतो. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. नाव प्रवेशद्वारावर झळकावे आणि त्यांचा उच्चार मात्र वर्गाबाहेर उभा राहावा, हा सन्मान अपुरा आहे. शिक्षकांनी 'कावया' खोडण्याआधी त्यामागचा नियम फळ्यावर लिहावा. भाषेच्या इतिहासाचा पहिला धडा तिथेच सुरू होईल.