कुंभकोणमला सेवेला निघालात? आधी हेल्मेट भरा

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि त्याच योगावर तमिळनाडूत कावेरीकाठी कुंभकोणमला महामहम हा स्नानाचा मेळा. मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. नाशिकची सेवा आटोपून तिकडेही जाऊ म्हणणारे तुमच्यात असतीलच. जरूर जा. पण रस्त्याचं ऐकून जा.

गर्दीची धास्ती सगळ्यांनाच असते. 1992 मध्ये तिथल्या तलावावर चेंगराचेंगरीत जवळपास 50 माणसं गेली. रस्त्याची धास्ती मात्र कुणी घेत नाही. तुम्ही घ्या.

महामहम येतो तेव्हा कावेरीच्या खोऱ्यात सांबा भाताची सुगी असते. शेतकरी भात डांबरी रस्त्यावरच वाळत घालतात. अर्धा रस्ता पिवळा, कडेला दगड मांडलेले. दिवसा दिसतं, रात्री दिसत नाही. दाण्यांवर पुढचं चाक चढलं आणि ब्रेक दाबलात, की गाडी आडवी. शेतकऱ्याला बोल लावू नका; खळं असतं तर तो बिचारा रस्त्यावर कशाला आला असता? वेग तुम्ही आवरा. अंधार पडला की दुचाकी काढूच नका. तंजावरला जायचं असेल तर ते जेमतेम 40 किलोमीटर, बसने जा. दारात लटकू नका. ड्रायव्हर सुसाट सुटला तर गप्प बसू नका. ‘अण्णा, मेदुवा पोंगा’ म्हणा; हळू चला, एवढंच.

आणि ‘गल्लीतच तर जायचंय’ म्हणून डोकं उघडं ठेवू नका. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेली 50,029 माणसं दुचाकीच्या अपघातात गेली. त्यांतली 14 हजारांहून अधिक मागे बसलेली होती.

रात्री अकराला घरचा फोन वाजतो. पलीकडचा तमिळमध्ये बोलतोय. आईला एकच शब्द कळतो: हॉस्पिटल. हजारावर किलोमीटर दूर ती माउली काय करणार? नाव, रक्तगट, घरचा नंबर एका कागदावर लिहा, तमिळमध्येही लिहून घ्या. तो खिशात ठेवा. आजच.

दुसरं कुणी पडलेलं दिसलं तर थांबा. 108 फिरवा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, पोलिसांच्या लचांडाला भिऊ नका. तमिळनाडू सरकारच्या योजनेत ठरलेल्या हॉस्पिटलांत जखमीचे पहिले 48 तासांचे उपचार मोफत होतात, मग तो कुठल्याही राज्याचा असो.

तिकिटं काढण्याआधी गटातल्या प्रत्येकाला विचारा, हेल्मेट घेतलंस का? ज्याने घेतलं नसेल, त्याला गाडीवर मागेसुद्धा बसवू नका.