बाकडं नको, खोली द्या

२२ जुलै २०२५ ला ऑझी ऑसबॉर्न गेला आणि आपल्या फेसबुकावर एकदम सगळ्यांनाच हेवी मेटल आठवलं. काळे डीपी लागले, जुन्या कॅसेटींचे फोटो आले. येऊ द्या. माणूस मोठाच होता. माझी तक्रार त्या पोस्टींच्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. तिचा मतितार्थ सगळीकडे एकच: खरं रॉक संपलं, आताची पोरं नुसती सत्तरच्या दशकाची नक्कल करतात.

हे चूक आहे. नुसतं चूक नाही, सोयीचं चूक आहे. कारण एकदा "आता कुणात दमच नाही" म्हटलं की नव्या पोरांसाठी काही करायची जबाबदारी उरत नाही. पुतळा उभारला, हार घातला, घरी गेलो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेली तीस-पस्तीस वर्षं जगभर बँडची एक मोठी जमात तयार झाली आहे. १९७० च्या आसपासचा जड, संथ, घोगरा गिटारचा आवाज त्यांनी पुन्हा उचलला. त्यातल्या एका फांदीला स्टोनर रॉक म्हणतात. नाव गांजावरून पडलंय, ते लपवण्यात अर्थ नाही. पण नावावर जाऊ नका, भांगेवरची गाणी आपल्याकडेही होळीला भक्तिभावाने चालतात. एकच जाडजूड धून पाच-सात मिनिटं घोळवत न्यायची, ऐकणाऱ्याच्या छातीत ती थरथरली पाहिजे, असा हा कारभार. जुने अँप्लिफायर, जुन्या पद्धतीचं रेकॉर्डिंग, कव्हरवर मुद्दाम विटलेले रंग, बेलबॉटम, दाढ्या. वेष जुना आहे हे कबूल. त्यात नुसते वेषधारी भरपूर आहेत हेही कबूल. दहातले सात बँड मलाही कंटाळवाणे वाटतात. पण दहातले सात कंटाळवाणे १९७० सालीही असणारच. ते आज कुणाला आठवत नाहीत, एवढाच फरक.

आता नकलेचं बघू. ज्या ब्लॅक सॅबथच्या नावाने आज अस्सलपणाची शपथ घेतली जाते, तो बँड मुळात काय होता? बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली चार कामगारांची पोरं. नाव अर्थ, आणि धंदा अमेरिकन काळ्या कलावंतांचा ब्लूज वाजवण्याचा. म्हणजे रिव्हायव्हलच! दुसऱ्या देशाचं, आधीच्या पिढीचं संगीत ही पोरं पबमध्ये वाजवत होती. तेव्हा एखाद्या शहाण्याने "मूळ ते मूळ, हे नक्कलखोर" म्हणून त्यांना हाकललं असतं तर आज काळा डीपी कुणासाठी ठेवला असता?

नकलेतून नवं कसं निघतं तेही याच बँडकडे बघून कळतं. टोनी आयोमी १७ वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो आगीत दोन बोटं जायबंदी होऊनही जगात नाव काढलेला गिटारवादक. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा बसवल्या. पुढे तारा सैल सोडून सूर खाली उतरवला, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तर चांगलाच. दुखऱ्या बोटांना आराम पडला आणि जगाला एक नवा आवाज मिळाला. आजचा प्रत्येक स्टोनर बँड त्या उतरलेल्या सुरावर जगतो.

आता दुसरं ठिकाण. कॅलिफोर्नियातलं पाम डेझर्ट. वाळवंटातला सुखवस्तू पट्टा, गोल्फची मैदानं, निवृत्त श्रीमंतांची घरं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या पोरांना वाजवायला जागा नव्हती. त्यांनी काय केलं? भाड्याचा नाहीतर उसना जनरेटर गाडीत टाकला, गावाबाहेर वाळूत नेला आणि तिथंच मैफल मांडली. त्यांना जनरेटर पार्टीच म्हणत. त्यातून कायस नावाचा बँड उभा राहिला. जॉश होमी आपली गिटार बेसच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो आवाज असा जमिनीतून आल्यासारखा. १९९२ चा 'ब्लूज फॉर द रेड सन' हा या साऱ्या प्रकाराचा पाया मानतात. याच होमीने पुढे क्वीन्स ऑफ द स्टोन एज काढला.

ही गोष्ट लोक फार कौतुकाने सांगतात: बघा, जिद्द असली की जागा लागत नाही. मला ती उलटी दिसते. ज्यांच्याकडे गाडी होती, जनरेटर होता आणि मैलोन् मैल मोकळं वाळवंट होतं, त्यांचं निभावलं. बाकीच्यांचं काय झालं? त्यांच्यावर कुणी माहितीपट काढत नाही.

म्हणून तिसरं ठिकाण महत्त्वाचं. स्वीडन. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे आपल्या एका मुंबईएवढीसुद्धा नाही. पण या पुनरुज्जीवनातली मोठी नावं तिथली. ऑरेब्रोचे विचक्राफ्ट आणि ट्रकफायटर्स. गोथेनबर्गचा ग्रेव्हयार्ड. लिंकोपिंगचा घोस्ट, ज्याने २०१६ मध्ये मेटलसाठीचं ग्रॅमी नेलं आणि २०२५ मध्ये ज्याचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला. ऑरेब्रो, लिंकोपिंग ही काय राजधानी नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणांएवढी गावं.

थंडी आहे, अंधार आहे म्हणून तिकडे मेटल वाजतं, असं म्हणायची फॅशन आहे. थंडी आणि अंधार इतरही पुष्कळ देशांत आहे. स्वीडनमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि ती दिसायला अगदी रटाळ आहे. तिकडे अभ्यास मंडळांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. कामगार चळवळ, दारूबंदी चळवळ, चर्च यांच्यातून ती आली. चार लोक जमून काहीतरी शिकणार असतील, तर त्यांच्या नोंदणीकृत मंडळाला सरकारी अनुदान. विणकाम शिका, स्पॅनिश शिका, नाहीतर गिटार-ड्रम घेऊन बँड करा. बँड हेसुद्धा अभ्यास मंडळ! त्यांना सरावाची खोली मिळते, सामान मिळते, कधी छोटा कार्यक्रमही लावून मिळतो. शिवाय गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा, अगदी माफक फीमध्ये. पंधरा वर्षांच्या पोराला घरचे "बंद कर ती कटकट" म्हणाले, तर त्याला जायला दुसरी जागा आहे. मूळ मुद्दा तेवढाच आहे.

आणि तिथल्या पोरांनी त्या खोलीत बसून नुसती नक्कल केली का? ग्रेव्हयार्डच्या २०११ च्या अल्बमचं नाव 'हिसिंगेन ब्लूज'. हिसिंगेन हे गोथेनबर्गचं जहाजबांधणीचं बेट. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथल्या गोद्या बंद पडत गेल्या. आवाज ब्लूजचा, अमेरिकेहून बर्मिंगहॅममार्गे आलेला. नाव आपल्या मोहल्ल्याचं. ज्याला नुसती नक्कल करायची आहे तो आपल्या गल्लीचं नाव कशाला देईल?

पण आता तिथंही कात्री आली. २०२४ पासून या मंडळांचं सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने कापलं जातंय. काही ठिकाणी खोट्या हजेऱ्या लावून पैसे उचलल्याचं उघड झालं होतं, हे खरं. चोर असतील त्यांना धरा. पण चोर सापडला म्हणून सगळ्या आळीचं पाणी तोडायचं, हा कुठला न्याय? याचा परिणाम उद्या दिसणार नाही. पंधरा वर्षांनी दिसेल. तेव्हा लोक म्हणतील, आताच्या पोरांत दम नाही.

आणि खुद्द बर्मिंगहॅम? २०१९ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव दिलं. पुलावर चौघांचे चेहरे असलेलं धातूचं बाकडं बसवलं. जून २०२५ मध्ये चौघांना शहराचा सर्वोच्च नागरी सन्मान. ५ जुलैला व्हिला पार्क मैदानावर शेवटची मैफल. महिना संपायच्या आत ऑझीची अंत्ययात्रा त्याच पुलावरून गेली, फुलांचा खच पडला. हे सगळं छान.

आता नाण्याची दुसरी बाजू. सप्टेंबर २०२३ मध्ये याच शहराच्या कौन्सिलने आपण दिवाळखोरीत गेल्याची नोटीस काढली. मग कलासंस्थांची अनुदानं २०२४-२५ ला निम्मी आणि २०२५-२६ ला शून्य. म्हणजे ज्या आर्थिक वर्षात चार म्हाताऱ्या कामगारपुत्रांच्या गळ्यात सन्मान घातला, त्याच वर्षी शहराच्या कलासंस्थांच्या हातावर भोपळा ठेवला. स्टेशन स्ट्रीटवरचा द क्राऊन पब, जिथे हा बँड सुरुवातीला वाजवत होता, तो कित्येक वर्षं कुलूपबंद. बाकड्याला पैसे आहेत, कारण बाकडं आवाज करत नाही. बाकडं दरवर्षी अनुदान मागत नाही. बाकड्यावर बसून पर्यटक सेल्फी काढतात.

मी कौन्सिलची अडचण समजू शकतो. तिजोरीत खडखडाट असताना म्हाताऱ्यांची देखभाल आधी की गिटार आधी, हा प्रश्न खोटा नाही. पण मग वारशाच्या गप्पा तरी मारू नका. वारसा म्हणजे सुरू असलेली गोष्ट. जी बंद केली तिला स्मारक म्हणतात.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या पंचायती आम्हाला कशाला. मुंबईचं रंगभवन आठवतं? धोबीतलावचं खुलं नाट्यगृह. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक भरायचं. देशभरातले रॉक-मेटल बँड त्या एका मंचाकडे डोळे लावून असायचे. पुढे आजूबाजूला रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथलं मोठ्या आवाजाचं संगीत थांबलं. रुग्णांना शांतता हवीच, त्यात वाद नाही. पण एक जागा बंद करताना तेवढीच स्वस्त, तेवढीच सर्वांच्या आवाक्यातली दुसरी जागा द्यायची असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आज या संगीताला मंच मिळतो तो प्रायोजकांच्या महोत्सवात. तिथलं तिकीट बघून आपल्याकडचा कॉलेजचा पोरगा परत फिरतो.

तरी पोरं थांबलेली नाहीत. बंगळूरच्या बेवर सीने २०१२ मध्ये पहिला अल्बम काढला, अस्सल संथ आणि जड. मुंबई-पुण्यात नोकऱ्या सांभाळून मेटल वाजवणारे कितीतरी आहेत, तासावर भाडं मोजून सराव करतात. नोकरी आणि पगार आहे म्हणून त्यांना हे परवडतं. तालुक्याच्या पोराने काय करायचं?

आवाजाचा मुद्दा काढाल, म्हणून आधीच सांगतो. मिरवणुकीतल्या डीजेने खिडक्यांच्या काचा हादरतात तेव्हा आपण हात जोडून उभे राहतो. आणि चार भिंतींच्या आत, जाड पडदे लावून, रात्री दहाच्या आत ड्रम वाजवणारा पोरगा मात्र वाया गेलेला? हा हिशोब मला पटत नाही.

मागणी फार मोठी नाही. आपल्या गावात संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या पडणाऱ्या पालिकेच्या शाळांच्या खोल्या मोजा. त्यातली एक द्या. आतून जुन्या गाद्या-गोधड्या ठोका. एक ड्रमसेट, दोन अँप्लिफायर, एक वही आणि चावी सांभाळणारा एक माणूस. तिथे कुणी भजन बसवो, कुणी शाहिरी, कुणी रॅप, कुणी सॅबथची नक्कल. काय वाजवायचं ते आपण ठरवायचं नाही. दहातले सात कंटाळवाणे निघतील हेही आधीच सांगून ठेवतो. पुढच्या अर्थसंकल्पाच्या आधी आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढा एकच प्रश्न विचारा: सुशोभीकरणात किती बाकडी बसवली, आणि पोरांना किती खोल्या दिल्या?

उत्तर मिळालं की कमेंटमध्ये टाका. आकड्यासकट.