जुगाड म्हणू नका

खेड्यातल्या एखाद्या अंगणात कुणी लिफ्टशिवाय गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट खाली उतरवतो. त्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ होतो, मागे गाणं लागतं, आणि खाली आपण सगळे लिहितो, 'देसी जुगाड!' वर हसणारे तीन चेहरे. आपल्याला वाटतं आपण कौतुक केलं. माझ्या मते आपण त्या माणसाचा अपमान करतो, आणि वर गावाकडच्यांच्या हुशारीचे चाहते म्हणून मिरवतो.

जुगाड म्हणजे काय? ऐन वेळी सुचलेली, कशीबशी निभावून नेणारी युक्ती. आता नांदूरघाटला, केज तालुक्यातल्या आमच्या भागात, हे काम खरोखर कसं होतं ते बघा आणि मग सांगा.

गाडी मारुती ओम्नी. 1984 मध्ये आली, 2019 मध्ये बंद झाली, तरी आमच्याकडे भाजीपाला, मंडपाचं सामान, लेकरं, पाहुणे सगळं अजून तिच्यातूनच जातं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. म्हणजे बॉनेट उघडून वरून ओढून काढायची सोयच नाही. ते खालून निघतं, म्हणून गाडीचं नाक वर न्यावं लागतं. शहरातल्या वर्कशॉपला त्यासाठी लिफ्ट असते. इथल्या मेकॅनिकमामांकडे बोअरमधली मोटर वर काढायचा तीन पायांचा लोखंडी घोडा आणि चेन पुली आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा. आमची काळी माती ओली असली की लोण्यासारखी, वाळली की भेगाळलेली. घोड्याचा पाय थेट मातीवर ठेवला तर भार पडल्यावर तो एका बाजूनं रुतणार. म्हणून प्रत्येक पायाखाली जाड फळी, आणि पाय फाकू नयेत म्हणून तिन्ही पायांना खालून साखळीचा वेढा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. मग हुकातून दोन साखळ्या चॅसीच्या दोन बाजूंना. या साखळ्या मामा लांब ठेवतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "आखूड धरली की तानती." मी मेकॅनिकलचा पदवीधर (नोकरी सॉफ्टवेअरची, आपल्याकडे हे सांगण्याचीही गरज नसते), म्हणून हिशेब करून पाहिला. दोन साखळ्यांमध्ये 60 अंशांचा कोन असेल तर एकेका साखळीवर वजनाच्या 58 टक्के ताण येतो. कोन 120 अंश झाला की प्रत्येकीवर पुरतं वजन. हे गणित पहिल्या वर्षाच्या इंजिनियरिंग मेकॅनिक्सच्या पेपरात असतं. मी ते सोडवून मार्क मिळवलेत. त्या मार्कांनी आजवर एकही ओम्नी उचललेली नाही.

नाक वर गेलं की चॅसीखाली स्टँड. गाडी घोड्यावर लटकत ठेवून कुणी खाली जात नाही. खाली सरकायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली, कूलंट आणि ऑइल काढलेलं, सीट बाहेर, होज, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, वायरिंगचे सॉकेट मोकळे, सायलेन्सरचा पाइप सुटलेला, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट खोललेला. हा क्रम उलटा केला तर काम अडतं किंवा काहीतरी तुटतं. मग इंजिनाखाली जॅक, त्यावर लाकडाचा ठोकळा, आणि माउंटिंगचे बोल्ट सगळ्यात शेवटी. तोवर इंजिनाची उंची सुतळीनं मोजून झालेली असते, नाहीतर खाली उतरलेलं इंजिन गाडीखालून बाहेरच निघणार नाही.

आणि तो पुठ्ठा. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे बोल्ट एकाच लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर तो तळाला टेकतो, वरची पकड ढिली राहते, नाहीतर ॲल्युमिनियमचं घर तडकतं. म्हणून मामा एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा गोल काढतात आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचतात. जोडताना तो पुठ्ठा बघून उलट्या क्रमानं परत. आमच्या कंपनीत याला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ते करून घ्यायला मॅनेजर मागे लागतो. इथं कुणी मागे लागलेलं नाही. क्लच प्लेट मधोमध बसावी म्हणून एका भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट खास त्याच कामासाठी ठेवलेला आहे. जोडताना गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही त्या शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, हे पोराला दरवेळी ओरडून सांगितलं जातं.

यातलं ऐन वेळी सुचलेलं काय आहे? ही पद्धत आहे. तिला क्रम आहे, मोजमाप आहे, पुढच्या माणसाला शिकवायची रीत आहे. हेच एखाद्यानं टाय लावून, प्रोजेक्टरवर दाखवलं असतं तर आपण 'प्रोसेस' म्हणून टिपून घेतलं असतं.

आमच्या कॉलेजात काचेच्या कपाटात लाल-निळं रंगवलेलं, अर्धं कापलेलं इंजिन होतं. चार वर्षांत त्याचा एक बोल्ट कुणी ढिला केला नाही. वर्कशॉपच्या तासाला लोखंडी पट्टी घासून जॉब करायचा, तर अनेकांचे जॉब बाहेरून तयार होऊन येत, आणि ते सगळ्यांना माहीत असे. हात काळे न करता इंजिनियर होता येतं ही गोष्ट आपल्या समाजाला खटकत नाही, कारण हात काळे करणारे कोण हे आपण फार जुन्या काळी ठरवून टाकलंय. लोहार, सुतार बलुतेदार. त्यांना वर्षाकाठी धान्य मिळायचं, पाटी-पेन्सिल मिळायची नाही. लिहिता येतं ते ज्ञान आणि हातात असतं ते 'जुगाड', ही वाटणी तिथूनच आलेली आहे.

2021 च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या एका कारागिरानं भंगारातून बनवलेली छोटी चारचाकी देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी ती गाडी घेऊन बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात दिली. दिली हे चांगलंच. पण टाळ्या वाजवून आपण घरी गेलो. त्या माणसानं ते कसं केलं, स्टिअरिंगची भूमिती कशी जुळवली, हे किती जणांनी विचारलं? बक्षीस दिलं की प्रश्न विचारायची जबाबदारी संपते, ही आपली जुनी सवय.

'जुगाड' या शब्दाचं दुसरं पाप याहून वाईट आहे. चांगल्या कारागिराचं श्रेय तो खातोच, वर निष्काळजी माणसाला आडोसा देतो. जॅकवर गाडी टेकवून, शेजारी दोन सिमेंटचे ब्लॉक रचून खाली झोपणाराही 'जुगाडू'च ठरतो. सिमेंटचा ब्लॉक फुटताना वाकत नाही, इशारा देत नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं की गाडी खाली येते. मामांच्या भाषेत, जॅक उचलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली निजायला नसतो. दोन चांगल्या स्टँडची किंमत हातातल्या फोनच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी ते विकत घेणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो आणि ब्लॉकवाल्याचा व्हिडिओ पुढे पाठवतो.

'मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या ना,' असं पुण्यातले माझे मित्र म्हणतात. बंद पडलेली ओम्नी टोचन करून शहरात न्यायची, आणि गाडीच्या किमतीला लाजवेल असं बिल भरायचं. बरं, गावातल्या गॅरेजला हे काम नीट करता यावं अशी व्यवस्था तरी कुणी होऊ दिली का? 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. आरोप हाच होता की सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही. प्रकरण अपिलात गेलं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या शेवटी पोर्टलही आलं. इकडे एप्रिल 2020 पासून बीएस-सहा गाड्या आल्या, सेन्सर वाढले, आणि मामांचा पुठ्ठा जिथं पुरत नाही अशा गाड्या अंगणात येऊ लागल्या. त्यांना गाडी उघडता येते. संगणकाला काय दुखतंय ते वाचायचं यंत्र आणि त्यामागची माहिती त्यांच्याकडे नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका मराठीत, फोनवर उघडेल अशी, फुकट मिळावी. बोल्ट किती आवळायचा, कुठला आधी सोडायचा, गाडी कुठल्या चार जागी टेकवायची, चित्रांसकट. आणि आयटीआयच्या परीक्षेला एका बाकावर अशा मामांना परीक्षक म्हणून बसवा, मानधन देऊन, प्राध्यापकांना देता तेवढंच.