वेच्यांचा मोह

आमच्या परिसरातील काही महाविद्यालयांत ‘स्थानिक इतिहास’ या नावाखाली एक उद्योग बोकाळला आहे. विद्यार्थ्यांनी गावच्या पांढरीतून किंवा पडक्या मळ्यामागच्या उकिरड्यातून जुन्या वस्तू उकरून आणायच्या, धुऊनपुसून काचेच्या कपाटात मांडायच्या आणि ‘प्राचीन मणी’, ‘इंग्रजकालीन बाटली’ अशा चिठ्ठ्या लावून पाहुण्यांना दाखवायच्या. पाहुणे कौतुक करतात, अहवालात एक पान वाढते. या उद्योगात मराठीचे अध्यापक आघाडीवर आहेत, म्हणून त्याविषयी मराठीच्या अध्यापकांनीच बोलणे भाग आहे. आमच्या मते हे जतन नव्हे, नासधूस आहे. आणि ती सुशिक्षितांच्या हातून होते म्हणून अधिक आक्षेपार्ह आहे.

जुन्या महसुली भाषेत काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, खचलेल्या भिंतींची माती, हाडे, खापरे हे सारे कुजून-मुरून माती पांढुरकी होते. म्हणजे पांढर हा अखेर गावाने स्वतःखाली साठवलेला उकिरडाच. शेतकरी ही माती शेतात खत म्हणून आणि धाब्याच्या छपरावर घालण्यासाठी नेत आला आहे, आणि त्यासाठी त्याला अडाणी ठरवणारे लेख आपण पुष्कळ वाचले आहेत. पण त्याला निदान माती हवी होती. आमचे विद्वान मणी उचलतात आणि माती फेकून देतात!

उकिरड्यातली बाटलीच घ्या. गळ्यात काचेची गोटी असलेली सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने 1870च्या दशकात प्रचारात आणली. आत कोंडलेल्या वायूच्या दाबाने गोटी वर सरकून तोंड बंद होते, एवढीच तिची करामत. पोरे गोटीसाठी बाटली फोडत, म्हणून साबूत बाटली दुर्मिळ, असे संग्राहक सांगतात आणि फुटकी बाजूला टाकतात. आम्ही म्हणतो, गोटी काढून घेतलेली ती फुटकी बाटलीच अधिक बोलकी आहे. तिच्याशेजारी कोणत्या दौती होत्या, कोणत्या बांगड्यांचे तुकडे होते, राखेचा थर तिच्या वर होता की खाली, हे टिपले असते तर त्या मळ्यावरच्या एका पिढीचे राहणीमान हाती लागले असते. साबूत बाटलीने कपाटाची शोभा वाढली.

संदर्भ सुटला की काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे आहे. 1974 साली तेथे एका ग्रामस्थाला खोदताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझ शिल्पे सापडली. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. पण ती शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळालेली नव्हती. परिणामी ती उत्तर हडप्पा काळातली की बरीच नंतरची, यावर विद्वानांत वाद माजला. कोणी धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पुढे केले, कोणी घडणीची शैली. सापडणाऱ्याला बोल लावण्याचे कारण नाही, तो काही इतिहास शोधायला गेला नव्हता.

याउलट घोडनदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 या काळात तेथे उत्खनन केले. डोळे दिपवणारा ऐवज हे तिथल्या कामाचे महत्त्व नव्हे. खापरे, जळके धान्य, प्राण्यांची हाडे, म्हणजे निव्वळ केरकचरा, थरांप्रमाणे वाचला गेला. आणि चौकोनी घरांत राहणारी वस्ती पुढे गोल झोपड्यांत कशी आली, तिला दारिद्र्याने कसे गाठले, हे सांगता आले. आमच्या मते मराठी प्रदेशाविषयीच्या उत्तम कथानकांपैकी हे एक आहे, आणि ते कचऱ्यातून आले आहे.

येथे आमचे सहकारी तेरचे नाव घेतात. गोरोबाकाकांच्या त्या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने वस्तू जमवल्या नसत्या, तर आज तेथे संग्रहालय दिसते का, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, आणि लामतुरे यांचे ऋण आम्ही मानतो. त्यांच्या संग्रहामागे निदान एक गाव ठामपणे उभे आहे. तरीही त्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचेच पाहा. तिची तुलना 1938 मध्ये पॉम्पेई येथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी होते. पॉम्पेईची मूर्ती इ. स. 79च्या ज्वालामुखीच्या राखेखाली होती, म्हणून ती त्याआधीची हे निर्विवाद. तेरच्या मूर्तीचा काळ सांगताना मात्र शैलीवर आणि इटलीतल्या राखेवर भिस्त ठेवावी लागते. शिवाय लामतुरे यांच्या काळी शिकवणारे कोणी हाताशी नव्हते. आपल्याजवळ पुस्तके आहेत, विद्यापीठे आहेत. त्यांची उणीव आपण सबब म्हणून वापरावी, हे शोभत नाही.

आणि हा मोह मराठीच्या विभागांतच का फोफावतो? कारण आपले अध्यापनच वेच्यांवर पोसलेले आहे. वेचा म्हणजे वेचून घेतलेला. मागेपुढे काय होते, याची चौकशी नाही. ‘लीळाचरित्रा’तली एखादी लीळा आपण सुटी काढून तिच्या भाषेच्या गोडव्यावर प्रश्न विचारतो, महानुभावांनी मात्र लीळा कोठे घडली हे विसरू नये म्हणून ‘स्थानपोथी’ रचली आणि देवळांच्या दिशांसह जागा नोंदवल्या. पाठभेद शिकवणाऱ्याला थर म्हणजे काय हे कळू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

कायद्याची गोष्टही कानावर असू द्यावी. 1878च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. 1972च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. कपाटातली ती बाटलीही एव्हाना त्या वयाला पोचली असेल.

विद्यार्थ्यांना पांढरीवर जरूर न्यावे. हातात कुदळ देऊ नये, वही द्यावी. टेकाडाचा नकाशा काढावा, पावसाने उघड्या पडलेल्या कडेचे थर जागच्या जागी रेखाटावेत, माती नेणाऱ्या म्हाताऱ्यांना ती कोठून आणि कधीपासून नेतात हे विचारावे, खापरे जिथली तिथे राहू द्यावीत. आणि अहवालाची एक प्रत पुरातत्त्व विभागाकडे धाडावी, जेसीबी पोचण्यापूर्वी.